गिऱ्हाईक काय वाचतें?

बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजा तालुक्यांत, साखरखेर्डा हें आमचें मूळ गांव. इतिहासाच्या पुस्तकांत या गांवास जी एखादी ओळ मिळते ती १७२४ सालच्या लढाईमुळें. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत निजामउल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची येथें गांठ पडली. मुबारिझखान मारला गेला, निजामाचें आसन दक्षिणेंत स्थिर झालें, आणि विजयाच्या आनंदांत त्यानें या गांवाचें नांव बदलून फत्तेखेर्डा असें ठेविलें. दप्तरांतून तें नांव चाललेंहि. परंतु ज्यांना आठवड्याच्या बाजारास जावयाचें होतें, लेकी द्यावयाच्या आणि सुना आणावयाच्या होत्या, त्यांच्या तोंडीं साखरखेर्डाच राहिलें. आज फत्तेखेर्ड्याचें तिकीट मागाल तर एस्. टी. चा वाहक तुमच्या तोंडाकडे पाहत राहील! धंद्याची जाहिरात या विषयावर लिहावयास बसलों असतां आम्हांस प्रथम हीच गोष्ट आठवली. नांव ठेवणारा एक असतो. तें चालविणारे दुसरेच असतात.

गांवीं आमचे थोरले बंधु, वहिनी, त्यांचे दोघे मुलगे, सुना आणि नातवंडें असा भरला संसार आहे. आम्हांस नोकरीनिमित्त पुण्यास येऊन तीस वर्षें झालीं, पण चूल एकच मानण्याची आमच्या घरची रीत असल्यामुळें गांवची डाळ आणि गांवचें कर्ज या दोहोंतहि आमचा वांटा असतो. २०१९ सालीं धाकट्या पुतण्यानें अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें सिद्ध केलेल्या नमुन्याची एक लहानशी डाळगिरणी वाड्यामागें बसविली. तूर चाळावयाची, तेलपाणी चोळून उन्हांत वाळवावयाची, मग भरडावयाची. चुणी गुरांस, डाळ पोत्यांत. काम सोपें दिसतें. पण गांवास रेल्वे नाहीं, बाजारांत मोठमोठ्या गिरण्यांची डाळ, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्यास न चुकतां उभा! प्रल्हादमहाराजांच्या संस्थानांत दर्शनास येणारी पुण्यामुंबईकडील मंडळी जातांना किलो दोन किलो डाळ नेत. त्यांनीं आपापल्या वाण्यापाशीं गोष्ट काढली, आणि असे करतां करतां पुणें, नाशिक, छत्रपति संभाजीनगर येथील चाळीसएक किराणा दुकानदार आमच्या पुतण्याचें गिऱ्हाईक झाले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. घरच्या गृहिणीस माल विकणें वेगळें, आणि जो स्वतःच विकणारा आहे त्यास विकणें वेगळें. गृहिणी डाळ शिजवून पाहते आणि तिचा निकाल त्याच दुपारीं लागतो. दुकानदाराचें तसें नाहीं. पहिलें पोतें चांगलें होतें, दुसरेंहि तसेंच येईल काय, हा त्याचा प्रश्न. डाळ शिजली नाहीं तर शिव्या त्याला खाव्या लागतात; गिरणी कोठें आहे हें त्याच्या गिऱ्हाइकास ठाऊकहि नसतें. गोड शब्दांना तो भुलत नाहीं, कारण तेच शब्द तो स्वतः दिवसभर इतरांस ऐकवीत असतो.

हें आमच्या पुतण्यास प्रथम उमगलें नाहीं. त्यानें सर्व दुकानदारांचा व्हॉट्सॲपवर एक समूह केला आणि रोज पहांटे त्यांवर गुलाबाचें फूल, उगवता सूर्य आणि एक सुविचार धाडण्यास आरंभ केला. (हा रोग कोणत्या घरांत नाहीं? आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं निवृत्त वडीलधारी मंडळी आहेत त्यांस आम्ही अधिक सांगावयास नको.) सणावारीं शुभेच्छा, अधूनमधून पोत्याचें चित्र, आणि त्याखालीं ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के शुद्ध’. टिकटॉकवर त्यानें गिरणीचीं छोटीं चलच्चित्रेंहि टाकिलीं आणि त्यास हजारों लोक पाहूं लागले म्हणून घरांत पेढे वांटले. त्या हजारांतील एकानेंहि पोतें मागविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. २९ जून २०२० रोजीं सरकारनें टिकटॉक बंद केलें, आणि ते हजारों प्रेक्षक एका रात्रींत गेले; त्यांचा एक पत्ताहि पुतण्यापाशीं उरला नाहीं. खंडानें घेतलेल्या शेतांत विहीर खणावी आणि मालकानें शेत काढून घ्यावें, तशांतलाच प्रकार.

समूहाची कथा तर याहून बोलकी. व्हॉट्सॲपच्या समूहांत प्रत्येकास प्रत्येकाचा क्रमांक दिसतो. एका दुकानदारामार्फत दुसराच एक डाळीचा व्यापारी आंत शिरला, पंधरा दिवस मुकाट्यानें बसला, आणि एके दिवशीं चाळीसहि जणांस त्यानें किलोमागें दोन रुपये कमी दराचें पत्र स्वतंत्रपणें पाठविलें. पुतण्या संतापला. पण थोरले बंधु त्यास म्हणाले, “तूं आपली खातेवही चावडीवर टांगून ठेवलीस, त्यानें वाचली. त्यांत त्याचा दोष काय?”

त्या सुमारास आम्ही सुट्टींत गांवीं गेलों होतों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर पुतण्या म्हणाला, “काका, सगळे बघतात, पण बोलत कोणीच नाहीं.” तेव्हां आम्हीं त्यास किर्लोस्करवाडीची हकीकत सांगितली. ती येथेंहि सांगणें अवश्य आहे, कारण धंदा आणि वाचक यांची गांठ घालण्याची विद्या कालपरवां परदेशांतून आली असा अनेकांचा समज दिसतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर करावयास घेतला. नांगर चांगला होता. तो घेण्यास मात्र कोणी धजेना. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, आणि पहिले नांगर खपावयास दोनएक वर्षें लागलीं. माल उत्तम असला म्हणजे पुरतें असें मानणाऱ्यांनीं या दोन वर्षांचा विचार करावा. १९१० मध्यें औंध संस्थानाच्या आश्रयानें कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगराखेरीज चरक आणि कडबा कापण्याचीं यंत्रेंहि तेथें निघत. हीं यंत्रें घेणारा शेतकरी आणि विकणारा अडत्या दोघेहि दूर दूरच्या खेड्यांत. त्यांच्याशीं रोज बोलावें कसें?

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनीं चित्रकलेचें शिक्षण घेतलेलें होतें आणि कारखान्याच्या जाहिरातीचें काम ते पाहत. त्यांनीं १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्रक काढलें. नांवाप्रमाणें त्यांत कारखान्याची खबर होतीच. पण शंकररावांस लौकरच कळून चुकलें कीं केवळ नांगराची स्तुति दुसऱ्या महिन्यांत कोणी वाचीत नाहीं. तेव्हां वाचणाऱ्याच्या कामाचें काय, त्याच्या घरांत कोणते प्रश्न आहेत, त्याच्या मुलानें कोणता धंदा करावा, हें त्यांत येऊं लागलें. १९२९ सालीं ‘खबर’ गळून नुसतें ‘किर्लोस्कर’ राहिलें. १९३० मध्यें ‘स्त्री’ आणि १९३४ मध्यें ‘मनोहर’ हीं भावंडें जन्मलीं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे लेख ज्या मासिकांत आले तें मुळांत नांगराच्या कारखान्याचें माहितीपत्रक होतें, हें आज किती जणांस आठवतें? गंमत अशी कीं नांगर करणाऱ्यांनाच ही बुद्धि दूर अमेरिकेंतहि सुचली होती. जॉन डिअर यांच्या नांगराच्या कारखान्यानें १८९५ सालीं ‘द फरो’, म्हणजे तास किंवा सरी, या नांवाचें शेतकऱ्यांसाठीं नियतकालिक काढलें, आणि तें अद्याप निघत आहे. नांगर विकणाऱ्यास धीर धरावाच लागतो. एकदां घेतलेला नांगर शेतकरी दर महिन्यास थोडाच बदलतो? मधल्या काळांत त्याच्याशीं बोलणें चालूं ठेवावयाचें तर नांगराखेरीज कांहीं तरी बोलावें लागतें.

पुतण्यानें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाला, “त्यांच्याकडे शंकरराव होते. आपल्याकडे कोण आहे?”

आंतून वहिनींचा आवाज आला, “काय लिहावयाचें तें मला सांगा तरी.”

वहिनी एकवीस वर्षें शाळेंत मराठी शिकवीत होत्या. त्या दिवसापासून गिरणीच्या पत्रव्यवहाराचें काम त्यांच्याकडे गेलें. पहिल्या आठवड्यांत त्यांनीं समूह मोडून टाकला आणि त्याऐवजीं प्रसारण-यादी केली. या यादींतून गेलेलें पत्र प्रत्येकास स्वतंत्र मिळतें, एकाचा क्रमांक दुसऱ्यास दिसत नाहीं, आणि एका यादींत २५६ नांवें मावतात. तींत एक मेख मात्र आहे: ज्यानें आपला क्रमांक आपल्या फोनांत नोंदवून ठेविला असेल त्यासच तें पत्र पोंचतें. पुतण्यास ही अडचण वाटली. वहिनी म्हणाल्या, “बरें झालें. ज्यानें आपलें नांवहि लिहून ठेविलें नाहीं, त्याच्या दारांत रोज कशाला जावयाचें?” मग त्यांनीं चाळीसहि जणांस एक एक करून फोन केला, पत्रें घ्यावयाचीं आहेत काय असें विचारलें, आणि एकतीस जणांनीं होय म्हटलें. उरलेल्या नऊ जणांस आजतागाईत एकहि पत्र गेलेलें नाहीं. त्यांतले चार माल मात्र नियमानें घेतात!

पत्र आठवड्यांतून एकदां, मंगळवारीं दुपारीं दोन ते चारच्या दरम्यान. ही वेळ वहिनींनीं स्वतः शोधून काढली. सकाळीं दुकानदार गल्ल्यावर असतो, रात्रीं हिशेबांत. दुपारीं रस्ता ओस पडला म्हणजे तो पंख्याखालीं बसून फोन उघडतो. पत्र सातआठ ओळींचें, सोबत गिरणींत त्याच दिवशीं घेतलेलें एक चित्र, उसनें आणलेलें नव्हे. मजकूर काय? तूर फुलावर आहे, धुकें पडल्यानें कांहीं ठिकाणीं फूल गळलें. बाजारांत आवक वाढली, भाव पंधरा दिवस तरी नरम राहील असें दिसतें, तेव्हां मोठी मागणी करण्याची घाई नको. पांढऱ्या तुरीची, बदनापूरच्या बीडीएन ७११ वाणाची, डाळ आली आहे. तांबड्या तुरीच्या डाळीपेक्षां रंगानें फिकी दिसते, म्हणून गिऱ्हाईक जुनी समजेल, त्यास आधींच सांगून ठेवा. पॉलिश न केलेल्या डाळीस कीड लौकर लागते काय असें एका गृहिणीनें विचारलें होतें. उन्हें देऊन कोरड्या डब्यांत ठेवावी, हें तिला सांगितलें तें आपणांसहि कळवितों.

‘घाई नको’ हें वाक्य प्रथम वाचलें तेव्हां पुतण्यानें कपाळास हात लाविला. माल घेऊं नका म्हणून सांगणारा विक्रेता त्यानें पाहिला नव्हता. परंतु त्याच पत्रास पहिल्यानें उत्तरें आलीं. एका वेळीं अकरा. व्यापाऱ्यास खबर हवी असते, फूल नव्हे. आमच्याच जिल्ह्यांतील खामगांवचें उदाहरण घ्या. १८७० सालीं लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंब-खामगांव हा रेल्वेफांटा उघडला तो कापसासाठीं. आणि त्याच वर्षीं मुंबई समुद्रांतील तारेनें विलायतेशीं जोडली गेली. लिव्हरपूलचा जो भाव पूर्वीं आगबोटीच्या टपालानें कित्येक आठवड्यांनीं कळावयाचा तो तारेनें येऊं लागला. कापूस तोच, गाड्या त्याच. पण ज्याच्या हातीं खबर आधीं पडली तो व्यापारी वेगळा. वऱ्हाडच्या बाजारपेठेला हें शिकवावें लागत नाहीं. शिकवावें लागतें तें फोनवाल्या आमच्या पोरांस.

येथवरची कथा सुखाची झाली. पुढली सांगावी कीं न सांगावी याबद्दल घरांत दोन मतें होतीं. वहिनींनीं सांगा म्हटलें म्हणून सांगतों.

२०२३ च्या ऑगस्टांत पावसानें देशभर दडी मारली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस जेव्हां तो नको होता तेव्हां आला. आमच्या बाजूची तूर कमी उतरली. पुढल्या वर्षाच्या आरंभीं तुरीच्या भावानें क्विंटलला दहा हजारांची वेस ओलांडली. गिरणी बंद ठेवावी तर हप्ता थांबत नाहीं, दुकानदार तुटतात. पुतण्यानें एका व्यापाऱ्याकडून बाहेरची तूर घेतली, ती आफ्रिकेंतून आलेली होती, आणि गांवच्या तुरींत मिसळून भरडली. त्यांत बेकायदा कांहीं नव्हतें. परदेशची तूर देशांत उघडपणें येते आणि आपण सर्वच खातों. पण पोत्यावर छापलेलें होतें ‘साखरखेर्डा परिसरांतील तूर’, आणि त्या मंगळवारच्या पत्रांतहि वहिनींनीं, त्यांस ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळें, तसेंच लिहिलें.

तीन आठवड्यांनीं पुण्याच्या एका जुन्या दुकानदाराचें पत्र आलें. त्याच्याकडील डाळ शिजावयास वेळ लागत होता, दाणा बारीक होता. “वहिनी, ही डाळ तुमच्या गांवची नाहीं. तुम्हीं लिहिलें म्हणून मी गिऱ्हाइकांस तसें सांगितलें,” एवढेंच त्यानें लिहिलें होतें. हेंच त्यानें किराणा व्यापाऱ्यांच्या दुसऱ्या एका समूहांत टाकलें, आणि संध्याकाळपर्यंत चारसहा जणांनीं तोच प्रश्न केला.

त्या रात्रीं घरांत जें झालें त्याचें वर्णन आम्ही फोनवर ऐकलें. पुतण्याचें म्हणणें, जुनें पत्र खोडून टाकावें आणि डाळ कडक निघाली म्हणून हवेवर ढकलावें; सर्वच गिरण्या मिसळतात. थोरले बंधु कांहींच बोलेनात. वहिनी म्हणाल्या, “पत्राखालीं नांव कोणाचें आहे? माझें. मला न सांगतां तुम्हीं माझ्या नांवानें खोटें लिहविलेंत.” त्या जेवल्या नाहींत. एकवीस वर्षें ज्या बाईनें गांवच्या मुलांस शुद्धलेखन शिकविलें तिला हा डाग साधा वाटला नाहीं, आणि आम्हांसहि वाटत नाहीं.

सकाळीं त्यांनीं मंगळवारची वाट न पाहतां यादींतील सर्वांस पत्र धाडलें. ज्यांनीं प्रश्न केला नव्हता त्यांसहि. मजकूर असा होता: “गेल्या महिन्यांत गेलेल्या मालांत बाहेरच्या तुरीची डाळ मिसळलेली आहे. गांवची तूर पुरली नाहीं. हें आधीं कळवावयास हवें होतें, कळविलें नाहीं, ही चूक आमची. ज्यांस माल परत करावयाचा आहे त्यांनीं करावा. भाडें आम्ही देऊं. यापुढें पोत्यावर जें असेल तेंच आंत असेल. मिसळ असेल तर तसें छापूं.” आंकडा, प्रमाण, तारीख सर्व दिलें होतें.

सहा जणांनीं माल परत केला, आणि जाण्यायेण्याचें भाडें मिळून त्या महिन्याचा हप्ता आम्हांस पुण्याहून भरावा लागला. तिघे कायमचे गेले. ज्या जुन्या दुकानदारानें प्रथम लिहिलें तोहि त्यांतच. वहिनींनीं त्यास पुढें दोनदां पत्र लिहिलें. पत्र वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलें नाहीं. बाकीचे राहिले. कांहींनीं तर मिसळ डाळच मागितली, कारण ती स्वस्त पडत होती! प्रामाणिकपणाचें फळ दामदुपटीनें मिळालें असें सांगणें आम्हांस आवडलें असतें, पण तसें झालेलें नाहीं. पूर्वींची उलाढाल गांठण्यास दीड वर्ष लागलें.

इतर साधनांविषयीं थोडक्यांत. लिंक्डइन नांवाचें नोकरदार आणि धंदेवाईक लोकांचें जें जाळें २००३ पासून चालूं आहे, त्यावर थोरल्या पुतण्यानें गिरणीची माहिती ठेविली. तेथून पुण्याच्या एका भोजनगृहाची मागणी आली, ती महिन्यास चार पोत्यांची, आणि तीहि त्याच्या खरेदी पाहणाऱ्या गृहस्थास तीन वेळां प्रत्यक्ष भेटल्यावर. फेसबुकाचें पान आहे. त्यावर आमचे नातेवाईक ‘अभिनंदन’ लिहितात. २०१८ सालीं आलेल्या व्हॉट्सॲपच्या धंदेवाईक आवृत्तीचा उपयोग मात्र चांगला होतो. मालाची यादी दरासह लावून ठेवतां येते, आणि त्याच त्या प्रश्नाचें तेंच तें उत्तर रोज लिहावें लागत नाहीं. पुतण्यानें रात्रींच्या प्रश्नांस यंत्रानेंच उत्तर जाण्याची सोय केली होती. एका दुकानदाराच्या वडिलांचें निधन झाल्याचें त्यानें कळविलें, त्यास यंत्रानें ‘आपल्या संदेशाबद्दल आभारी आहोंत’ असें उत्तर दिलें. ती सोय दुसऱ्या दिवशीं बंद झाली.

थोरल्या बंधूंनीं एक काम मात्र कोणास न विचारतां स्वतःकडे घेतलें आहे. टिकटॉकचें झालें तेव्हांपासून ते प्रत्येक दुकानदाराचें नांव, पत्ता, क्रमांक, तो कोणती डाळ नेतो आणि त्यानें काय तक्रार केली, हें लाल कापडाच्या वहींत शाईनें उतरून ठेवतात. व्हॉट्सॲप उद्यां गेलें तर, असें पुतण्यानें थट्टेनें विचारलें असतां ते म्हणाले, “पोस्टकार्ड लिहीन.” त्या वहींत गेलेल्या तिघांचीं पानें कोरीं राखलेलीं आहेत.

गेल्या माघांत आम्ही गांवीं होतों. नवी तूर खळ्यावर आली होती, अंगणांत ताडपत्रीवर तेलपाणी लावलेली तूर वाळत होती आणि नातवंडें तींत पाय घालूं नयेत म्हणून धाकटी सून काठी घेऊन बसली होती. मंगळवार होता. वहिनी चष्मा पुसून फोन उघडून बसल्या, एक मूठ तूर उचलून उजेडांत धरली, तिचें चित्र घेतलें, आणि लिहूं लागल्या. पुतण्या मागून वांकून पाहत होता. त्यांनीं विचारलें, “ही कोठली?” तो म्हणाला, “सगळी गांवची. चार पोतीं मलकापूर पांग्र्याचीं.” वहिनींनीं तीं चार पोतींहि लिहिलीं.